संख्याशास्त्रज्ञाला आधी बोलवा

वैद्यकीय शोधनिबंधात सगळ्यात कमी वाचला जाणारा परिच्छेद कोणता, तर ‘संख्याशास्त्रीय पद्धती’ या मथळ्याखालचा. जेमतेम चार ओळींचा. माहिती एक्सेलमध्ये भरली, अमुक सॉफ्टवेअर वापरलं, सरासरी आणि प्रमाण विचलन काढलं, दोन गटांतला फरक तपासायला टी-टेस्ट किंवा काय-स्क्वेअर टेस्ट लावली, पी-व्हॅल्यू (योगायोगाचा अंदाज देणारा आकडा, त्याबद्दल पुढे) ०.०५ पेक्षा कमी आली तर फरक खरा मानला. विषय मधुमेहाचा असो, मोतीबिंदूचा असो की बाळंतपणाचा, या ओळी जवळपास जशाच्या तशा एका निबंधातून दुसऱ्यात उतरतात. वाचणाऱ्याला जे कळायला हवं ते मात्र तिथे नसतं. इतकेच रुग्ण का घेतले? मुख्य प्रश्न कोणता, आणि तो अभ्यासाआधी ठरला होता की आकडे पाहिल्यावर? मधेच सोडून गेलेल्या रुग्णांचा हिशेब कसा धरला? एकूण तुलना किती केल्या आणि त्यातल्या किती छापल्या?

माझं म्हणणं असं आहे की वैद्यकीय संशोधनात संख्याशास्त्र शेवटी येतं आणि ते सुरुवातीला यायला हवं. ते तसं यावं ही जबाबदारी एकट्या संशोधकावर टाकून भागणार नाही. नीतिसमित्या (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समित्या), जर्नलं आणि संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्था यांनी ती अट म्हणून घालायला हवी. हा गणितवाल्यांचा आपापसातला काथ्याकूट नाही. याच निबंधांवरून उपचारांच्या मार्गदर्शिका तयार होतात आणि त्या मार्गदर्शिकांवरून चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलं जातं. निबंधातला आकडा चुकला तर त्याची किंमत असा माणूस मोजतो, ज्यानं तो निबंध कधी पाहिलेलाही नसतो.

ही गोष्ट नीट करता येते हे फार पूर्वीच सिद्ध झालेलं आहे. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. तिची आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाची. रुग्ण फक्त १०७. त्यातल्या ५५ जणांना औषध आणि पूर्ण विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोणाला कोणत्या गटात घालायचं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या हातात नव्हतं. ते यादृच्छिक आकड्यांनी आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवलेलं होतं. छातीचे एक्स-रे पाहणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला आहे ते ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात १४. जंतू औषधाला दाद देईनासे होतात ही अडचणीची बाबही त्याच निबंधात मोकळेपणानं मांडली होती.

या निबंधात अवघड गणित जवळजवळ नाही. त्याचं सगळं बळ चाचणी सुरू होण्याआधी घेतलेल्या निर्णयांत आहे. गट समसमान पडावेत, मोजणाऱ्याचा कल मोजमापात उतरू नये, तुलना कशाची हे आधी पक्कं व्हावं. एवढं झाल्यावर शेवटचा हिशेब शाळकरी मुलालाही समजेल इतका सोपा उरतो. आणि एवढं झालेलं नसेल, तर पुढे कितीही भारी मॉडेल बसवलं तरी गेलेली गोष्ट परत येत नाही.

आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात हेच सांगितलं होतं. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगण्यासारखं आहे, प्रयोग कशानं मेला एवढंच तो फार तर सांगू शकेल, असा त्या बोलण्याचा आशय. पंच्याऐंशी वर्षं उलटून गेली, तरी संख्याशास्त्राची मदत मागायला येणारे बहुतेक डॉक्टर अजून त्याच टप्प्यावर येतात. सोबत एक्सेलची फाइल असते, निबंध देण्याची तारीख जवळ आलेली असते, आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘याला कोणती टेस्ट लावू?’

अशी एखादी फाइल जवळून पाहण्यासारखी असते. वजनाच्या रकान्यात काही ठिकाणी नुसता आकडा, काही ठिकाणी आकड्यापुढे ‘किलो’ लिहिलेलं. रक्तदाब एकाच घरात दोन आकड्यांनी, मधे तिरकी रेघ. पाठपुराव्याच्या तारखा तीन वेगवेगळ्या पद्धतींनी टाकलेल्या. या गोष्टी वेळ खातात, पण निस्तरता येतात. खरी गोम ‘मृत्यू’ या रकान्यात असते. काही रुग्णांपुढे ‘होय’, काहींपुढे ‘नाही’, आणि बऱ्याच जणांपुढे काहीच नाही. रिकामं घर म्हणजे रुग्ण जिवंत आहे, की तो परत आलाच नाही आणि त्याचं काय झालं कोणालाच माहीत नाही? विचारलं तर उत्तर येतं, ‘बहुतेक जिवंत असतील.’ इथे टेस्ट कोणती लावायची हा प्रश्नच उरत नाही. बेपत्ता रुग्णांना जिवंत धरलं तर एक निष्कर्ष, वगळलं तर दुसरा, मृत धरलं तर तिसरा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि हे सगळं एका फोन नंबरच्या रकान्यानं आणि ‘संपर्क कधी करायचा’ या एका ओळीनं टळलं असतं, ती ओळ सुरुवातीला लिहिली असती तर.

यात डॉक्टरांना दोष देण्यात मला रस नाही. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग, रात्री ड्युटी, आणि वर शोधनिबंध छापल्याशिवाय पदवी किंवा पदोन्नती नाही. संख्याशास्त्र त्यांना अभ्यासक्रमात सूत्रं म्हणून शिकवलं जातं, विचार करायची पद्धत म्हणून क्वचितच. डग्लस ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या संपादकीयात कमी संशोधन, चांगलं संशोधन आणि योग्य कारणासाठी केलेलं संशोधन हवं अशी मागणी केली होती. त्यातला ‘योग्य कारण’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोकरी टिकवण्यासाठी केलेला अभ्यास प्रश्नापासून सुरू होत नाही, हाताशी असलेल्या माहितीपासून सुरू होतो, आणि मग त्या माहितीत बसेल असा प्रश्न शोधला जातो.

इथेच पी-व्हॅल्यू संशोधकाच्या मदतीला धावून येते. ती काय सांगते? औषधाचा काहीच परिणाम नाही असं घटकाभर धरून चाललो, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता किती, इतकंच. औषध निरुपयोगी असण्याची शक्यता ती सांगत नाही. फरक मोठा आहे की नगण्य, हेही सांगत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली याबद्दल मुद्दाम निवेदन काढावं लागलं, यावरून गैरसमज किती मुरलेला आहे ते कळतं. ०.०५ ही रेषा काही निसर्गनियम नव्हे. फिशर यांनी १९२५ साली वीसात एक हे प्रमाण सोयीचं म्हणून सुचवलं. पुढे त्या सोयीचा उंबरठा झाला आणि तो ओलांडल्याशिवाय जर्नलात प्रवेश नाही असा समज रूढ झाला.

उंबरठा ओलांडायच्या वाटा मात्र अनेक असतात. कोणताही परिणाम नसलेल्या औषधाच्या वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर त्यातली निदान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, साठीच्या आतले, साठीच्या पुढचे, मधुमेही, बिगर-मधुमेही, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. वीसाचा आकडा बघता बघता पुरा होतो. यात कोणी लबाडी करत असतं असंही नाही. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी रास्तच वाटतं.

हा फसवेपणा सर्वात ठसठशीतपणे दाखवला तो आयसिस-२ या चाचणीनं, १९८८ साली. हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रुग्ण तिच्यात होते. ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आणले. आजही झटका आल्यावर ॲस्पिरिन देतात त्यामागे या चाचणीचा मोठा वाटा आहे. उपगट पाडण्यात काय धोका असतो हे वाचकाला पटावं म्हणून संशोधकांनी त्याच निबंधात रुग्णांच्या जन्मतारखांवरून राशींप्रमाणेही आकडे मांडले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन किंचित अपायकारक निघालं, बाकीच्या राशींत भरघोस फायद्याचं. राशींवर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून हे उदाहरण निरुपद्रवी आहे. पण राशीऐवजी तिथे ‘वय सत्तरच्या पुढे’ किंवा ‘मूत्रपिंडाचा जुना आजार’ असतं, तर कारणमीमांसा लगेच तयार झाली असती, कदाचित एखाद्या मार्गदर्शिकेत ओळही आली असती, आणि त्या रुग्णांना ॲस्पिरिन मिळालं नसतं.

याच्या अगदी उलट चूकही होते आणि माझ्या मते ती जास्त घातक आहे, कारण तिच्याकडे लक्षच जात नाही. समजा, एका चाचणीत प्रत्येक गटात वीस रुग्ण आहेत. नेहमीच्या उपचारात सहा दगावले, नव्या उपचारात तीन. मृत्यू निम्मे झाले. पण पी-व्हॅल्यू येते ०.४५ च्या आसपास, आणि निबंधाच्या शेवटी वाक्य पडतं, ‘दोन उपचारांत फरक आढळला नाही.’ खरं तर फरक आढळला आहे, त्याचा भरवसा देता येत नाही एवढंच. याच आकड्यांचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे माहितीशी जुळू शकणाऱ्या फरकांचा पल्ला, काढला तर चित्र स्पष्ट होतं: नव्या उपचारानं शंभरामागे दहा मृत्यू वाढण्यापासून ते शंभरामागे चाळीस मृत्यू टळण्यापर्यंत काहीही या माहितीशी जुळतं. म्हणजे या चाचणीला काहीच कळलेलं नाही. ३० टक्के आणि १५ टक्के यांतला फरक ऐंशी टक्के खात्रीनं पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १२० रुग्ण लागतात. हा हिशेब पहिल्या दिवशी करायला कागदाचा एक तुकडा पुरतो.

हे काल्पनिक उदाहरण वाटत असेल तर १९७८ सालचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला एक अभ्यास पाहावा. ‘फरक नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्या ७१ चाचण्या त्यात तपासल्या होत्या. त्यातल्या ५० चाचण्या इतक्या लहान होत्या की उपचारानं ५० टक्के सुधारणा झाली असती तरी ती निसटण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त होती. किती उपयोगी उपचार अशा निबंधांखाली गाडले गेले असतील याचा हिशेब कोणी लावू शकत नाही. आणि त्या रुग्णांचं काय, ज्यांनी सुया टोचून घेतल्या, खेपा घातल्या, अनिश्चितता सोसली, अशा चाचणीसाठी जिला उत्तर मिळण्याची पुरेशी संधी सुरुवातीपासूनच नव्हती? रुग्णसंख्येचा हिशेब न करता चाचणी सुरू करणं ही मला नीतीची चूक वाटते. गणिताची नंतर.

उंबरठा ओलांडलेले निष्कर्षही किती काठावर असतात ते २०१४ साली एका वेगळ्या हिशेबानं पुढे आलं. नामांकित जर्नलांतल्या ३९९ चाचण्या घेऊन विचारलं, की एका गटातल्या किती रुग्णांचा निकाल उलटा लागला असता तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली असती? मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला आठ. पाव चाचण्यांत तीन किंवा त्याहून कमी. निम्म्याहून थोड्या जास्त चाचण्यांत तर हा आकडा संपर्क तुटलेल्या रुग्णांच्या संख्येपेक्षाही लहान होता. मघाची ती रिकामी घरं आठवा. नामांकित चाचण्यांचेही निकाल अशाच घरांमध्ये अडकलेले असतात.

निकाल बरोबर असला तरी तो सांगण्याच्या पद्धतीनं अनर्थ होऊ शकतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीनं इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ ऐकून बायकांनी गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात धोका सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनावर गेला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळ्या होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. मूळ संख्या न देता नुसतं ‘दुप्पट’ किंवा ‘निम्मा’ छापणारा निबंध खोटं बोलत नसेल, पण वाचकाला अंधारात ठेवतो. निबंधाच्या सारांशात शंभरामागे किंवा हजारामागे किती, हे लिहिणं सक्तीचं करायला काय हरकत आहे, हे मला आजवर उमगलेलं नाही.

जुन्या केसपेपरांवरून केलेल्या अभ्यासांत आणखी एक खड्डा असतो. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मूतखड्याच्या उपचारांची तुलना आली होती. मोठा छेद घेऊन केलेली जुनी शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ रुग्णांत यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. त्वचेतून नळी घालून खडा काढायची नवी पद्धत ३५० पैकी २८९ जणांत यशस्वी, ८३ टक्के. नवी पद्धत सरस, असं कोणीही म्हणेल. आता खड्याच्या आकाराप्रमाणे वाटणी करा. दोन सेंटिमीटरच्या आतल्या खड्यांत जुनी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ रुग्णांत यशस्वी, ९३ टक्के. नवी पद्धत २७० पैकी २३४ जणांत, ८७ टक्के. मोठ्या खड्यांत जुनी २६३ पैकी १९२, ७३ टक्के. नवी ८० पैकी ५५, ६९ टक्के. दोन्ही प्रकारांत जुनी शस्त्रक्रिया पुढे, आणि एकत्र केल्यावर मागे! कारण अवघड, मोठे खडे बहुतांशी जुन्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले होते आणि सोपे नव्या पद्धतीच्या. इथे आकडे सगळे खरे, बेरीज बरोबर, आणि निष्कर्ष तरीही उलटा. खड्याचा आकार नोंदवलेला होता म्हणून हे उमगलं. नोंदवलेलाच नसता, तर कोणत्याही टेस्टनं ते दाखवलं नसतं. काय नोंदवायचं हे कोणी ठरवायचं आणि केव्हा, हा प्रश्न म्हणूनच इतका मोलाचा आहे.

छापलेल्या निबंधांबद्दल इतकं झालं. न छापलेल्यांबद्दल बोलताना मला जास्त त्रास होतो. १९८० साली लॉर्केनाइड नावाच्या, हृदयाची अनियमित धडधड शमवणाऱ्या औषधाची लहानशी चाचणी झाली. रुग्ण शंभराच्या आत. औषधाच्या गटात नऊ मृत्यू, प्लासिबोच्या (औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीच्या) गटात एक. संशोधकांना तो योगायोग वाटला, औषधाचा विकास व्यापारी कारणांनी थांबला आणि चाचणी छापली गेली नाही. तिच्यासारखीच दुसरी औषधं, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड, झटका येऊन गेलेल्या रुग्णांना दिली जात राहिली, कारण ईसीजीवरचे जादाचे ठोके त्यांनी खरोखर कमी होत. ठोके कमी झाले म्हणजे मृत्यूही कमी होणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शेवटी कास्ट नावाच्या मोठ्या चाचणीनं १९८९ पासून हिशेब समोर ठेवला: १,४९८ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत ६३ मृत्यू, प्लासिबो घेणाऱ्यांत २६. लॉर्केनाइडचा निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. तो आधी आला असता तर पुढच्या धोक्याची लवकर सूचना मिळाली असती, हे त्याच्या लेखकांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

ही एकट्यादुकट्या औषधाची गोष्ट नव्हती. नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेकडे नोंदलेल्या होत्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत दिसलं, की एफडीएच्या मते ३८ चाचण्या औषधाच्या बाजूनं होत्या आणि त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी फक्त तीन जशा होत्या तशा छापल्या, २२ छापल्याच नाहीत, आणि ११ अशा रीतीनं लिहिल्या की निकाल अनुकूल वाटावा. जर्नलं वाचणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. खरा आकडा ५१ टक्के. त्या डॉक्टरनं कितीही काळजीपूर्वक वाचलं असतं तरी तो फसलाच असता.

यावर उपाय म्हणून वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २००५ पासून चाचणी सुरू होण्याआधी नोंदणी सक्तीची केली. पाऊल योग्य होतं. पण नोंद करून घेतली आणि पुढे ती कोणी उघडूनच पाहिली नाही, तर काय उपयोग? २०१५-१६ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गटानं पाच अग्रगण्य जर्नलांतल्या ६७ चाचण्या त्यांच्या नोंदणीशी ताडून पाहिल्या. पूर्णपणे जुळणाऱ्या निघाल्या नऊ. आधी जाहीर केलेली ३५४ फलितं, म्हणजे मोजायचे ठरवलेले परिणाम, निबंधांत नव्हती आणि ३५७ नवी फलितं काही न सांगता आत आली होती. या गटानं संपादकांना ५८ पत्रं पाठवली, त्यातली २३ छापली गेली. नियम आहे, नोंद आहे, तपासणी मात्र बाहेरच्या स्वयंसेवकांनी करायची, ही व्यवस्था टिकणारी नाही.

पी-व्हॅल्यूच हद्दपार करा, असं म्हणणारा एक मोठा पक्ष आहे. २०१९ साली आठशेहून अधिक शास्त्रज्ञांनी नेचरमध्ये ०.०५ ची रेषा सोडून देण्याच्या आवाहनाला पाठिंबा दिला. त्यांची तळमळ मला कळते आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलनं विचार करावा हे तर मान्यच आहे. पण प्रश्न आधी ठरवायची सक्ती न करता नुसती रेषा पुसली, तर मोकळं रान मिळेल ते अंदाजपंचे निष्कर्ष काढणाऱ्यांना. आज निदान रेषा कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आराखडा जाहीर करण्याची सक्ती, मग रेषेचं काय करायचं ते बघू.

दुसरा आक्षेप येतो तो वेळेचा. इतकी आखणी करत बसलो तर संशोधन होणार कधी? याला उत्तर रिकव्हरी या चाचणीनं दिलं आहे. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या ऐन कल्लोळात, ब्रिटनमध्ये ती सुरू झाली. आराखडा साधा, फॉर्म छोटा, मुख्य प्रश्न एक: २८ दिवसांत मृत्यू. तीन महिन्यांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल हातात होता. औषध मिळालेले २,१०४, नेहमीचे उपचार मिळालेले ४,३२१. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा दिसला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. श्वसनाच्या आधाराप्रमाणे रुग्णांची वाटणी करायची हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून ती वाटणी राशींच्या पंगतीत बसत नाही. त्याच काळात जगभर शेकडो लहान चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. त्याच वर्षी २२ मे रोजी लॅन्सेटनं ९६,०३२ रुग्णांच्या माहितीवर आधारलेला हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा निबंध छापला. मूळ माहिती कोणालाच तपासायला मिळेना, आणि ४ जूनला तो मागे घ्यावा लागला. घाई दोन्हीकडे होती. एकीकडे आखणी होती आणि माहिती कशी गोळा होते ते सर्वांना दिसत होतं.

मूळ माहिती उघडी ठेवण्याची भीती वाटणाऱ्यांनी प्रेडिमेड या स्पेनमधल्या आहाराच्या चाचणीकडे पाहावं. तिच्यात ७,४४७ लोक होते. २०१७ साली जॉन कार्लाइल या भूलतज्ज्ञानं हजारो चाचण्यांतले गटांचे सुरुवातीचे आकडे तपासून, योगायोगानं असे आकडे पडणं अवघड आहे, असं ज्या चाचण्यांबद्दल म्हटलं त्यात हीही होती. संशोधकांनी स्वतः पुन्हा तपासणी केली. एका ठिकाणी व्यक्तीऐवजी अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला होता, काही घरांतल्या दोघांना एकाच गटात घातलं होतं. २०१८ साली त्यांनी निबंध मागे घेतला आणि दुरुस्त हिशेबासह, सौम्य शब्दांत, पुन्हा छापला. यात त्यांची अब्रू गेली असं मला वाटत नाही.

मग नेमकं करायचं काय? माझ्या मते दाब द्यायची खरी जागा नीतिसमिती आहे, कारण रुग्णाला हात लागण्याआधी अभ्यास थांबवायचा अधिकार तिला असतो. रुग्णसंख्येचा हिशेब, एकच मुख्य फलित आणि विश्लेषणाचा आराखडा, या तीन गोष्टींखाली प्रशिक्षित संख्याशास्त्रज्ञाची सही नसेल तर प्रस्ताव परत जावा. त्या माणसाचं मानधन संशोधनाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेलं असावं. औषधांना आणि तपासण्यांना पैसा असतो, विचार करणाऱ्याला नसतो, हे चालू देऊ नये. जर्नलांनी निबंध स्वीकारायचा की नाही हा निर्णय जमेल तिथे आराखड्यावर घ्यावा, निकाल हाती येण्याआधी. अशा पद्धतीनं निबंध घेणारी जर्नलं आज अस्तित्वात आहेत, तेव्हा हे अशक्य आहे असं कोणी म्हणू शकत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर प्रत्येकी एक छोटा, कमकुवत अभ्यास लादण्यापेक्षा दहा-वीस महाविद्यालयांनी मिळून एकच मोठी चाचणी आखावी आणि प्रत्येकानं तिच्यातला आपला भाग नीट पार पाडून लिहावा. विद्यार्थ्याला त्यात जास्त शिकायला मिळेल.

आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाच्या संमतिपत्रात एक ओळ वाढवावी: या चाचणीचा निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो अमुक मुदतीच्या आत प्रसिद्ध केला जाईल. सही करून रुग्ण आपल्या बाजूची जबाबदारी उचलतोच. मुदत उलटली आणि निकाल आला नाही, तर त्या संशोधकाचा पुढचा प्रस्ताव समितीनं विचारात घेऊ नये.